याला विशेष काय येतं?

घरात स्वमग्न मूल असलं की पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "बोलतो का?" दुसरा, "आपण बोललेलं कळतं का?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, पण डोळ्यांत एक वेगळीच उत्सुकता घेऊन, "मग याला विशेष काय येतं?" हा तिसरा प्रश्न माझ्या बहिणीनं गेल्या तीस वर्षांत किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. उलट त्याला काहीतरी चांगलंच ऐकायचं असतं. अमुक सालच्या अमुक तारखेला कोणता वार होता हे तो क्षणात सांगतो, एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं पेटीवर वाजवतो, असं काहीतरी. ताई शांतपणे सांगते, "लसूण छान सोलतो." आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आता तिशी ओलांडून गेला आहे. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात आईवडिलांबरोबर राहतो. बोलतो थोडं, तेही बहुतेक खाण्याबद्दल. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून सकाळी तो वडिलांबरोबर फेरी मारायला बाहेर पडला की ताई घाईघाईनं कुकर लावून घेते. दोरीवर कपडे वाळत घालतो, पण एका कपड्याला दोन्ही चिमटे एकाच रंगाचे लागतात. तो गात नाही, चित्रं काढत नाही, तारखा-वार सांगत नाही. मग त्याच्यात काहीतरी 'विशेष' असणारच, असं लोक गृहीत का धरतात?

ते गृहीत आलं पुस्तकांतून, सिनेमातून आणि टीव्हीवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. म्हणजे कोणत्याही मोठ्या सोसायटीत असं एखाद-दुसरं घर असायला हवं. पण ही मुलं मोठी होतात तसतशी घराबाहेर कमी कमी दिसू लागतात, आणि बहुतेकांची स्वमग्न माणसाशी ओळख होते ती पडद्यावरच. तिथं जे दिसतं तेच माप लोक हातात घेऊन येतात आणि आमच्या घरातल्या माणसाला लावतात. म्हणून ते माप कुणी आणि कसं तयार केलं, हे एकदा नीट पाहावं असं मला वाटतं.

शब्दातच गोष्ट

सुरुवात शब्दापासून करावी लागते. १९११ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'ऑटिझम' हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल लिहिताना वापरला. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतल्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि त्यांच्या वेगळेपणासाठी हाच शब्द उचलला. मराठीत त्याचं 'स्वमग्नता' झालं. शब्द गोड आहे, पण तो एक चित्र रंगवतो. समाधी लावून आत रमलेला, बाहेरच्या जगाची पर्वा नसलेला कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. माझ्या भाच्याकडे पाहिलं की मला उलटं दिसतं. बाहेरचं जग त्याच्यावर फार येऊन आदळतं. शिट्टी, ट्यूबलाइटची फडफड, लोकलमधली गर्दी, सणाचे फटाके, सगळं एकाच वेळी आणि एकाच जोरानं. कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसलेला माणूस स्वतःत मग्न असतोच असं नाही. पुष्कळदा तो नुसता आसरा शोधत असतो.

कॅनर यांच्या लेखात या मुलांच्या आईवडिलांबद्दलही शेरे होते. त्यांच्यात मायेनं वागणारे फारच थोडे, अशा अर्थाचे. त्यातून पुढं 'थंड आई'ची कल्पना वाढली. आईनं माया दिली नाही, म्हणून मूल आत मिटलं! १९६७ मध्ये शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक आलं आणि ही कल्पना सुशिक्षित घराघरांत पोचली. खरं तर त्याआधीच, १९६४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचं मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत असल्याचं पुस्तक लिहून मांडलं होतं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आणि योगायोग असा, की बेटलहाइम यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या आईनं आपल्या मुलीवर 'द सीज' हे पुस्तक लिहिलं. मुलगी जणू तटबंदीच्या आत बसली आहे आणि आपण वेढा घालून, दिवसेंदिवस धीर धरून आत जाण्याची वाट शोधतो आहोत, अशी ती हकिकत. त्यात चमत्कार नाही. आहे ती रोजची, कंटाळवाणी, चिवट मेहनत.

हे सगळं दूरदेशीचं आणि जुनं वाटेल. पण १९९६ मध्ये, भाचा चार वर्षांचा असताना, मुंबईतल्या एका डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि पहिला प्रश्न ताईला विचारला, "तुम्ही नोकरी करता का?" ताई बँकेत होती. पुढच्या चार महिन्यांत तिनं नोकरी सोडली. मूल अर्थातच त्यामुळे बोलू लागलं नाही. तीस वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी पुस्तकाची सावली अशी फिरत फिरत डोंबिवलीच्या जिन्यापर्यंत आली होती. पुस्तकातलं चित्र चुकलं तर त्याची किंमत कोण मोजतं, हे मला त्या दिवसांत कळलं.

काड्या मोजणारा रेमंड

मग 'रेन मॅन' आला. १९८८ चा हा चित्रपट, डस्टिन हॉफमन आणि टॉम क्रूझ यांचा. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता आणि मूळ पटकथा अशी चार ऑस्कर त्यानं मिळवली. जमिनीवर सांडलेल्या दात कोरायच्या काड्या एका नजरेत मोजणारा, जुगाराच्या अड्ड्यात पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे मिळवून देणारा रेमंड जगभर लोकांच्या मनात बसला. या चित्रपटाचे उपकार मी नाकारणार नाही. पूर्वी ताईनं 'ऑटिस्टिक' म्हटलं की लोकांना 'आर्टिस्टिक' ऐकू यायचं आणि ते कौतुकानं मान डोलवायचे. 'रेन मॅन' पाहिलेल्यांना निदान शब्द तरी ठाऊक असायचा.

पण या चित्रपटाची एक गंमत फारशी कुणाला ठाऊक नाही. लेखक बॅरी मॉरो यांना रेमंडची कल्पना सुचली ती १९८४ मध्ये भेटलेल्या किम पीक यांच्यावरून. हजारो पुस्तकं या गृहस्थांना मुखोद्गत होती. त्यांच्या मेंदूची रचनाच जन्मतः वेगळी होती. दोन अर्धगोलांना जोडणारा मुख्य पूल त्यात नव्हता. ते स्वमग्न नव्हते असंच पुढे तज्ज्ञांचं मत झालं. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध स्वमग्न व्यक्तिरेखा ज्यांच्यावरून सुचली, ते स्वमग्नच नव्हते! अशी असामान्य शक्ती स्वमग्न माणसांपैकी दहांत एखाद्याकडे असते, असा जुना आणि नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं?

पडद्यानं मात्र त्या दहाव्यालाच धरून ठेवलं. 'द गुड डॉक्टर' ही मालिका कोरियात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ पासून सात वर्षं चालली. तिचा नायक अलौकिक स्मरणशक्तीचा शल्यविशारद. २०२२ ची कोरियन मालिका 'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू' आपल्याकडच्या घरांतही आवडीनं पाहिली गेली. तिची नायिका कायद्याची पुस्तकं तोंडपाठ असलेली वकील. मार्क हॅडन यांच्या २००३ च्या 'द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' या कादंबरीतला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर गणितात अफाट हुशार. ही कादंबरी मला आवडते. तिच्या मजकुरात 'ऑटिझम' हा शब्द एकदाही येत नाही. सारं जग त्या मुलाच्या डोळ्यांनी दिसतं आणि मोठी माणसंच किती गोंधळलेली असतात ते कळतं. तरीही गणित आहेच.

'अॅटर्नी वू'च्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या भागात या हुशार वकिलापुढे एक स्वमग्न तरुण आरोपी म्हणून येतो. त्याला धड बोलता येत नाही, तो आरडाओरडा करतो. दोघांना एकच नाव लावलेलं, पण एकीचं कौतुक आणि दुसऱ्याची भीती. त्या भागापुरती तरी मालिका आपल्याच नायिकेच्या हुशारीकडे संशयानं पाहते. ताईनं तो भाग दोनदा पाहिला.

देवाचं लेकरू

आपल्याकडे चमत्काराच्या जोडीला आणखी एक साचा आहे. 'ही देवाची मुलं हो!' किती प्रेमानं म्हणतो आपण! हिंदी सिनेमानं हे वाक्य मनावर घेतलं. २०१० च्या 'माय नेम इज खान'मधला रिझवान निष्पाप, सत्यवचनी, वाटेत भेटेल त्याचं भलं करणारा. शाहरुख खाननं मेहनत घेतली आहे, आणि रिझवानला पिवळ्या रंगाचा, मोठ्या आवाजाचा होणारा त्रास पाहताना ताई म्हणाली होती, "हे खरं आहे." तो नोकरी करतो, लग्न करतो, हेही मला महत्त्वाचं वाटलं. पण थोड्याच वेळात त्याच्या खांद्यावर साऱ्या जगाला माणुसकी शिकवण्याचं ओझं येतं. २००९ मध्ये झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' ही एका स्वमग्न छोट्या मुलीची मालिका आली. मुंबई-पुण्याच्या घरांत संध्याकाळी जेवणाच्या वेळी 'ऑटिझम' हा शब्द तिच्यामुळे उच्चारला गेला, हे तिचं श्रेय.

देवाचं लेकरू म्हणण्यात अडचण एवढीच, की देवाच्या लेकराला राग येण्याची सोय नसते. माझा भाचा हट्टी आहे. ताई तापानं फणफणलेली असताना पोळी उशिरा मिळाली म्हणून त्यानं ताट ढकललं होतं. एकदा ऐन जेवणाच्या वेळी वीज गेली तेव्हा वडिलांच्या दंडावर त्यानं असा फटका मारला की दोन दिवस हात वर होत नव्हता. त्यात दुष्टावा नव्हता आणि देवत्वही नव्हतं. घाबरलेला, तिशीतला, अंगानं दणकट माणूस होता तो. असा माणूस पडद्यावर आला की एकतर खलनायक होतो, नाहीतर येतच नाही. २०२१ मध्ये गायिका सिया यांनी 'म्युझिक' नावाचा चित्रपट काढला. त्यात अशा आकांताच्या वेळी मुलीला जमिनीवर दाबून धरण्याची दृश्यं होती. तशानं जीव जाऊ शकतो, म्हणून स्वमग्न मंडळींनी कडाडून निषेध केला आणि सियांना माफी मागावी लागली. चित्रपटातली युक्ती घरात वापरली जाते, हे त्या मंडळींना चांगलं ठाऊक होतं.

सोंग कुणी घ्यायचं?

'म्युझिक'वर दुसरा आक्षेप होता तो नटीबद्दल. ती स्वमग्न नव्हती. हॉफमन नव्हते, शाहरुख नाही, 'बर्फी!'तली प्रियांका चोप्राही नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच, हे मला मान्य आहे. आपल्या मराठीत १९९१ च्या 'चौकट राजा'त दिलीप प्रभावळकरांनी केलेला नंदू कोण विसरेल? लहानपणीच्या अपघातानं बुद्धीची वाढ खुंटलेला तो नंदू स्वमग्न नव्हता, पण 'वेडा' म्हणून ज्याला नुसतं हसायचं अशा माणसाकडे त्या चित्रपटानं मराठी प्रेक्षकाला पहिल्यांदा थांबून बघायला लावलं. चांगल्या नटानं ते करू नये असं मी म्हणणार नाही.

पण ज्याची गोष्ट आहे त्यालाही कधी तरी रंगमंच मिळावा की नाही? मराठीनं इथं मोठं पाऊल टाकलं होतं. २०१४ च्या महेश लिमये दिग्दर्शित 'यलो'मध्ये डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिनं स्वतःचीच भूमिका केली. तिची अवस्था वेगळी, पण मुद्दा तोच. २०१७ मध्ये अमेरिकेत मिकी रो या स्वमग्न नटानं 'क्युरियस इन्सिडंट'च्या नाट्यरूपात ख्रिस्तोफर रंगवला. २०२५ च्या आमिर खानच्या 'सितारे जमीन पर'मध्ये दहा वेगळ्या बौद्धिक घडणीचे कलाकार बास्केटबॉलच्या संघात होते. मूळ चित्रपट स्पॅनिश, आणि यातही शेवटी सुधारतो तो प्रशिक्षकच. पण चित्रपटगृहात आमच्या पुढच्या रांगेत एक मुलगा मोठ्यांदा तेच तेच वाक्य म्हणत होता आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. तो दीड तास मला चित्रपटाइतकाच मोलाचा वाटला.

लेखनात तर स्वमग्न माणसं कधीच स्वतः बोलू लागली आहेत. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांचं पहिलं आत्मकथन १९८६ चं. त्या साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. पुढं त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या, आणि आपण शब्दांत नव्हे, चित्रांत विचार करतो हे त्यांनी जगाला समजावून सांगितलं. 'बाहेरून' लिहिलेल्या शंभर पानांतून जे कळत नाही, ते अशा एका परिच्छेदातून कळतं. ग्रँडिन यांचं वाचल्यावरच ताईनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रं ओळीनं लावली. दात घासणं, आंघोळ, नाश्ता, कार्यशाळा. ती ओळ आजही तिथं आहे आणि तिच्यामुळं त्या घरातली निम्मी भांडणं मिटली.

लहान मुलांच्या कार्यक्रमांत 'सेसमी स्ट्रीट'नं २०१७ मध्ये आणलेली ज्युलिया ही बाहुली मला सगळ्यांत खरी वाटते. मोठा पक्षी तिला हाक मारतो, ती उत्तर देत नाही. आपण तिला आवडलो नाही की काय, असं त्याला वाटतं. मग मैत्रीण सांगते, की ज्युलिया वेगळ्या रीतीनं करते सगळं, जरा थांब. बस्स, एवढंच. तिला सूत्रं येत नाहीत, ती कुणाचं आयुष्य बदलत नाही. ती मित्रांबरोबर खेळते. ती बाहुली हलवणारी कलावती स्वतः एका स्वमग्न मुलाची आई होती, हे मला नंतर कळलं आणि नवल वाटलं नाही.

'आमच्यानंतर काय?'

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते. पाहुण्यांचा प्रश्न 'विशेष काय येतं' हा असतो. आईबापांचा एकच असतो, आमच्यानंतर काय? ताईची आता सत्तरी जवळ आली आहे. मेहुण्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. या प्रश्नाला पडद्यानं काय उत्तर दिलं, हे मी मुद्दाम आठवून पाहिलं.

'रेन मॅन'च्या शेवटी रेमंड आगगाडीत बसून आपल्या संस्थेत परत जातो. काड्या सगळ्यांना आठवतात, ती गाडी कुणाला आठवत नाही. २०१२ च्या 'बर्फी!'तली झिलमिल मला फार आवडते, कारण तिला काही 'विशेष' येत नाही आणि तरीही तिच्यावर कुणीतरी जीव लावतं. पण तिथं शेवटी काय होतं? म्हातारा बर्फी आजारी पडतो, झिलमिल त्याच्याशेजारी येऊन निजते आणि दोघं एकत्रच जग सोडतात. चित्रपटगृहात लोक डोळे पुसत होते. ताईही रडली, पण तिचं रडणं वेगळं होतं. अशा मुलांच्या कितीतरी आया मनातल्या मनात जे मागणं मागतात, की तो माझ्याआधी एक दिवस जाऊ दे, ते तिनं पडद्यावर गोड करून दाखवलेलं पाहिलं होतं.

म्हणजे उत्तरं दोनच, संस्था किंवा सोबत मरण. यांच्यामधलं जे विस्तीर्ण आयुष्य आहे त्यावर कॅमेरा जात नाही. प्रत्यक्षात वाटा शोधल्या जात आहेत. आपल्याकडे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याप्रमाणे अठरा वर्षांवरच्या स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची वेगळी नोंद आहे. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसतं, म्हणून इथं सांगितलं. पण कायदा पालक नेमू शकतो, शेजारी नेमू शकत नाही. दार उघडं राहिलं तर याला घरी आणून सोडणारा वाणी, दुकानात त्याच त्या बिस्किटाच्या पुड्यासाठी त्याच्यापुढे धीर धरणारा मुलगा, जिन्यात भेटल्यावर उत्तराची अपेक्षा न ठेवता 'काय रे, जेवलास का?' म्हणणारी वहिनी, ही माणसं कायद्यानं तयार होत नाहीत. ती पाहून पाहून तयार होतात. आणि पाहण्याचं मोठं साधन सध्या तरी तो पडदाच आहे.

म्हणून चित्रपट किंवा मालिका पाहताना मी एक साधी कसोटी लावते. या व्यक्तिरेखेचा तो विशेष गुण काढून घेतला, तर मागे माणूस उरतो का? त्याला स्वतःचं काही हवं असतं का, की तो फक्त दुसऱ्याला शहाणं करायला आला आहे? बहुतेक ठिकाणी गुण काढला की पडदा रिकामा होतो. ज्युलियाच्या बाबतीत होत नाही. झिलमिलच्या बाबतीत होत नाही.

आमच्या मराठी लेखक-दिग्दर्शकांनी मनावर घेतलं तर त्यांना हे जमेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया आणि 'अस्तु'त स्मृतिभ्रंश किती संयमानं हाताळला होता! तशाच हातांनी कुणीतरी चाळिशीच्या एका स्वमग्न माणसाचा साधा बुधवार दाखवावा. तो कार्यशाळेत जातो, उटण्याच्या पुड्या भरतो, दुपारी डबा खातो, कुणाशी तरी बिनसतं, संध्याकाळी पाऊस येतो आणि नेहमीचा रस्ता बंद असतो. आता हा घरी कसा पोचणार? रस्त्यातलं कोण त्याला ओळखतं, कोण थांबतं, कोण पुढं निघून जातं? दोन तासांच्या चित्रपटाला एवढी उत्कंठा पुरे आहे. ताईला तर तेवढ्या एका संध्याकाळचीच काळजी आहे.